पाटी नसलेली चार मिनिटं

"अवो, मानेला नका धरू, मागल्या पायाला धरा! जीव जाईल तिचा!"

बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी साडेदहाला, महादू हे ओरडला तेव्हा आम्ही नऊच्या नऊ प्रेक्षक गर्रकन मागे वळलो. मला वाटलं, प्रोजेक्टर पेटला. प्रोजेक्टर ठणठणीत होता. पडद्यावर कुठल्याशा डोंगराळ देशातला एक म्हातारा मेंढी पकडत होता, आणि आमचा महादू मशीन सोडून त्याला ती कशी पकडायची ते शिकवत होता. म्हाताऱ्यानं मानेलाच धरलं. "ऐकत न्हाय बघा," म्हणत महादू खाली बसला.

तो महादू गेला, त्याला आज पाच आठवडे झाले. आपल्या दुकानात, पाण्याच्या मोटारीत तार भरता भरता बसल्या जागी गेला. फोन इंदापूरला आमच्या शाळेत आला. मी नववीला इंग्रजी शिकवत होतो, खडू हातात तसाच घेऊन ऑफिसात आलो आणि ऐकलं. मग मंडळाच्या चौघांना कळवायला बसलो, तर चौघांनीही "सर, आज काय नवीन?" म्हणून फोन ठेवून दिले. माझ्या थापांचा लौकिक उजनीच्या पाण्याइतका दूरवर पसरलेला आहे. मित्र गेला हे पटवायला मला शिपायाच्या हाती फोन द्यावा लागला... जन्मभराच्या थापांना एवढी शिक्षा पुरेशी असावी. या लेखातलंही काही वाढीव वाटलं तर कापून घ्या, पण शेवटचं तेवढं कापू नका.

आमचं चित्रपट मंडळ म्हणजे परदेशी सिनेमे बघणाऱ्यांचा घोळका. लग्नाचे मुहूर्त नसले की कार्यालयाचा हॉल फुकट मिळे आणि पुण्याहून एसटीनं रिळांचे डबे येत. पहिल्याच खेळाला प्रोजेक्टर बंद पडला. कुणीतरी मोटार रिवाइंडिंगवाल्या महादूला बोलावून आणलं. त्यानं मशीनला दोनदा कान लावला, एकदा टिचकी मारली आणि ते सुरू झालं. (टिचकी एकच होती. तीन होत्या असं मी इतरत्र सांगितलेलं आहे.) सिनेमा संपेपर्यंत तो हलला नाही. पुढच्या रविवारी आमच्या आधी येऊन बसला होता.

खाली इंग्रजी पाट्या उमटत. महादूला अक्षरं लागत, पण एक शब्द जुळवेपर्यंत तीन पाट्या निघून जात. म्हणून प्रोजेक्टरशेजारच्या स्टुलावर बसून मी त्याच्या कानात मराठी करून सांगायचो. आता मी सांगायचो म्हणजे कसं, तर पडद्यावरची बाई "हो" म्हणाली की माझ्याकडून तिचं माहेर, सासर आणि दिराची दारू एवढं तरी व्हायचंच. महादू म्हणायचा, "सर, ती येवढंसं बोलली आन् तुमी येवढं सांगितलंत?" मी म्हणायचो, "त्यांची भाषा आखूड असते." तो मान डोलवायचा. फसायचा मात्र नाही कधी.

एका सिनेमात दोन माणसं एका खोलीत दोन तास बोलत होती. मी पाट्या वाचून वाचून घामाघूम. मंडळी जांभया देत घरी गेली. महादू रीळ गुंडाळत म्हणाला, "बाई खोटं बोलत हुती." मी म्हटलं, पाटीत तसं काही नव्हतं. "पाटीचं मला म्हाईत न्हाय. दरवेळी बोलायच्या आधी पानी प्याली ती." तो सिनेमा पुन्हा आला तेव्हा मी मुद्दाम फक्त पेल्याकडे बघत बसलो, आणि खरंच... नऊ वेळा. बर्फाच्या देशातला एक सिनेमा आला, त्यात नवरा-बायकोचं भांडण होतं, आणि महादूला एकच काळजी, "येवढ्या बर्फात वैरन कुठं ठिवत्यात?" जमिनीवर बसून जेवणाऱ्या एका कुटुंबाचा सिनेमा होता. म्हातारा-म्हातारी शहरातल्या लेकांकडे जातात आणि परत येतात, एवढंच. हॉलमध्ये बरेच जण रडले. महादू म्हणाला, "कुनी कुनाला ताट वाढून दिलं आन् कुनी सोता वाढून घ्येतलं, त्येवढं बगा. समदं त्यातच हाय." मी एम.ए. इंग्रजी. मी पाट्या वाचत होतो आणि हा माणूस माणसं वाचत होता.

पण मेंढरांचा सिनेमा वेगळा. तो कळायला महादूचं घर सांगायला हवं. बारामतीहून इंदापूरकडे येताना आत एक वाडी आहे, तिथलं हे पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. कालवा आला, सगळीकडे ऊस झाला, चरायला बांधसुद्धा उरला नाही. तशात आबांचा, म्हणजे महादूच्या वडिलांचा, पाय मोडला आणि ते दीड महिना पुण्याला दवाखान्यात राहिले. तेवढ्यात महादूनं सगळा कळप विकला. आबांना विचारलं नाही. आबा घरी आले, मेंढरं कोंडायच्या रिकाम्या जाळीपाशी काठीवर रेलून थोडा वेळ उभे राहिले, आणि त्या दिवसापासून सहा वर्षं लेकाशी बोलले नाहीत. जे सांगायचं ते मोत्या नावाच्या कुत्र्याला सांगायचे. "मोत्या, त्याला म्हनावं च्या नगं." महादूही उत्तर कुत्र्यालाच द्यायचा. त्या कुत्र्याला निरोपांची इतकी सवय झाली होती की पोस्टात सहज चिकटला असता. आम्ही हसायचो, महादूही हसायचा. पण बाहेर निघालं की दारातून एकदा तरी मागे बघायचा, आबा काही म्हणतायत का.

त्या सिनेमातही म्हाताऱ्याचा मुलगा शहरातून येतो आणि कडाक्याच्या थंडीआधी बापाची मेंढरं बाजारात विकून टाकतो. बाप परततो. शेवटी दोघं एका दगडी भिंतीला टेकून बसतात. चार मिनिटं. वारा सुटलाय, कुणी बोलत नाही, एकही पाटी नाही. सिनेमा तिथंच संपतो. त्या रविवारी तो संपला, पडदा पांढरा झाला, रिळाचं टोक टपटप आपटत राहिलं आणि महादू मशीन बंदच करेना. मग म्हणाला, "सर, डबे परत कवा जात्यात?"

"उद्या सकाळी."

"दुपारच्या गाडीनं धाडू. सकाळी आबाला आनायचं. मी बोलवून त्यो यायचा न्हाय. तुमी जावा."

मी सोमवारी शाळेत बायकोची मावशी मारली (ती आजही खुशाल आहे) आणि महादूची मोपेड घेऊन वाडीवर गेलो. "आबा, बारामतीत परदेशी मेंढरं आल्यात. बघायला येता का?" म्हटलं तर यात खोटं काही नव्हतं. आबा मोपेडवर मागे बसले, काठी भाल्यासारखी आडवी धरून. वाटेत दोन सायकलवाले तिनं पाडले असं मी सांगतो. एक पडला होता.

पडदा बघून आबा रागावतील असं वाटलं होतं. ते पुढच्या खुर्चीत बसले आणि मेंढरं मोजू लागले. "वाळल्याती," एवढंच बोलले. मग मला विचारायला लागले, "काय म्हंतोय त्यो?" मी सांगत गेलो, आणि शपथेवर सांगतो, त्या दिवशी भिंत येईपर्यंत पदरचं एक अक्षर घातलं नाही. एवढं खरं आयुष्यात बोललो नव्हतो. मागे महादूचा प्रोजेक्टर गुरगुरत होता. बाजार झाला. कळप गेला. भिंत आली, वारा आला. आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "पोरगं काय म्हंतंय?"

खाली पाटी नव्हती. मी मागे पाहिलं नाही. सहा वर्षं जे एक वाक्य महादूच्या घशाशी येऊन परत जाताना मी बघत होतो, ते म्हणालो. "म्हणतंय, आबा, मेंढरं विकली त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला विचारलं नाही, ते चुकलं."

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण मला थांबायचंय त्या हॉलमध्येच. त्या सोमवारनंतर आबा लेकाशी थेट बोलू लागले. पहिला महिनाभर नुसत्या शिव्या, आणि महादू त्या प्रसादासारख्या घ्यायचा. मोत्या बेकार झाला. आबा गेल्या वर्षी गेले, महादूच्या मांडीवर. आता महादूही गेला. परवा रविवारी मंडळाचा खेळ होता, मशीन चालवायला दुसरा गृहस्थ आला, चांगला आहे. मी सवयीनं स्टुलावर जाऊन बसलो आणि पाट्या मनातल्या मनात वाचल्या... जशा होत्या तशा.

तर त्या सोमवारी सिनेमा संपला, मी खिडक्या उघडल्या. आबा उठले, माझ्याकडे न बघता खुर्च्यांच्या रांगेतून लंगडत थेट प्रोजेक्टरपाशी गेले आणि लेकासमोर उभे राहिले.

"त्या पोराचं त्वांड तर मिटल्यालं हुतं," ते म्हणाले. "मंग बोललं कोन?"

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. पहिलीसाठी मी तोंड उघडलं. महादू रीळ काढत होता, त्यानं मान वर केली नाही.

"मी," तो म्हणाला.