दोन बायकांचा कोयता

गाव सोडण्याचा प्रसंग गंभीर असतो म्हणतात. माझा मी पहिल्या पाच मिनिटांत घालवला.

जामखेडच्या स्टँडवर आम्हाला पोचवायला गाडीभर माणसं आली होती. आई एस.टी.च्या खिडकीला धरून सांगत होती, "जिथं जाशीला तिथं आधी चूल मांडा, मग बाकीचं." वडिलांनी माझ्या ट्रंकेची कडी दोनदा ओढून पाहिली. शेजारी सुमन, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन बसली होती. तेवढ्यात कंडक्टर आला. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात, शेतकी खात्यात कारकुनी मिळालेला मी, ताठ बसून म्हणालो, "एक नगर द्या."

"आन् या बाई?"

"त्या आमच्याच आहेत."

"आसतील हो तुमच्या. पण बसल्यात तर सीटवर. का टपावर टाकू त्यांना?"

सगळी गाडी हसली. सुमननं पदरात तोंड लपवलं. मला वाटलं, बिचारी माहेरच्या मुलखाची आठवण काढून रडतेय. आष्टीच्या फाट्यापर्यंत मी तिची समजूत काढली. मग कळलं की ती हसत होती.

मी काही चिक्कू नव्हतो. आमच्याकडं माणसं मोजायची रीतच तशी होती. तुम्ही गावातच राहिलात ते हे जाणता, पण माझ्यासारखे जे पुण्या-मुंबईला जाऊन विसरले, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या कोरड्या भागातलं निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचं. मुकादम टोळी भरायचा ती माणसांची नव्हे, कोयत्यांची. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरनं वाहायच्या. नाव लागायचं नवऱ्याचं. म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मी याच गणितात वाढलो होतो. माझं मॅट्रिकचं गणित चांगलं होतं, हे बरंच कच्चं निघालं.

श्रीरामपुरात आम्हाला एक खोली मिळाली. गावाकडं पाण्यासाठी विहिरीत वाकायला लागायचं, इथं कालव्याकाठच्या हिरव्यागार उसात माझी सायकल हरवायची. सुमनला खोलीपेक्षा शेजारीण आवडली. मार्थाबाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या, चाळिशीच्या, एकट्या. त्यांच्याकडं पेपर यायचा आणि रेडिओ होता. आमची सातवी पास बायको संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायची आणि दोघी मिळून बायकांविषयीच्या बातम्यांचा असा माग काढायच्या, जसा गुराखी चुकलेल्या वासराचा काढतो.

दिल्लीत बायकांच्या दशेची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली, तेव्हा त्यांच्या ओट्यावर गूळ-शेंगदाणे वाटले गेले. डॉक्टरकडून गर्भपात करून घ्यायला कायद्यानं वाट मोकळी झाली, तेव्हा मार्थाबाई विरोधात आणि सुमन बाजूनं, असं आठवडाभर भांडण चाललं. आमच्याकडची वाटी त्यांच्याकडं अडकून पडली. बाईला पुरुषाइतकाच मोबदला द्या, अशी कुठं भाषणं झाली की सुमन मला जेवताना विचारायची, "त्याचा कायदा कधी व्हायचा?" जणू मी विधानसभेतून सुटून घरी आलोय.

"निघेल हळूहळू," मी म्हणायचो. "विधेयक असतं, ते समितीत जातं, तिथं बसतं."

"म्हंजी रुसलेल्या जावयावानी. उठवायला कोन जातं मग?"

मी भाकरीत तोंड घालायचो.

आता माझ्या थोरल्या बहिणीचं सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठीच सांगतोय. अक्काला, म्हणजे अनुसयाला, नवऱ्यानं टाकलं होतं. त्यानं दुसरी केली आणि अक्का आमच्या वडिलांच्या दारी परत आली. एक बायको असताना दुसरी करणं गुन्हा आहे, हा कायदा तोवर जुना झाला होता, पण दिल्लीहून आमच्या गावापर्यंत बहुधा त्याला गाडी मिळाली नव्हती. चार वर्षं अक्का माहेरी राबली. त्या साली पाऊस धड झाला नाही, आणि तिच्या नवऱ्याचा निरोप आला: दुसरी बाळंत व्हायचीय, घरात कामाला माणूस नाही, हिला पाठवा. वडिलांनी मान डोलावली. "लेकीचं घर एकच, दिल्या घरी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवाळीनंतर पाठवायचं ठरलं.

सवतीचं बाळंतपण करायला जायचं, आणि तेही मोलकरीण म्हणून. अक्कानं गावातल्याच सरू नावाच्या विधवेशी बोलणं केलं आणि दोघी धोंडिबा मुकादमाकडं गेल्या. म्हणाल्या, आम्हा दोघींचा एक कोयता धर. धोंडिबानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. नवरा नाही तर कोयता कसला? अक्कानं मग माझ्याकडं निरोप धाडला, "बाळ्या, तू तर कारखान्यात साहेब हायेस. एवढं कर."

साहेब! मी साहेबांच्या टेबलावरची धूळसुद्धा विचारून पुसायचो. सुमनला म्हणालो, "नियमात बसत नाही गं."

"कुठल्या नियमात?"

"असेल कुठंतरी."

"असंल न्हवं. बघा. आमी दोघी रोज कायदा झाला का ते शोधतो, तुमी एक दिस असा नियम न्हाई का ते शोधा."

मी शोधलं. मुकादमांशी कारखान्याचा जो करार होता तो तीनदा वाचला. किती कोयते आणायचे, कधी आणायचे, सगळं होतं. कोयता म्हणजे नवरा-बायको, असं कुठंच नव्हतं. कुणी लिहिलंच नव्हतं, कारण कुणाला वेगळं सुचलंच नव्हतं. मला धीर आला, पण तो शेतकी अधिकाऱ्यांच्या दारापर्यंतच टिकला.

साहेब पान लावत होते. मी आडवळणानं हवापाण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी गावाकडच्या दोन बायकांवर आलो.

"अहो, कोयता म्हणजे जोडी," साहेब म्हणाले.

"हो साहेब. पण बैलजोडीत कुठं एक गाय असते?"

हे मी धाडसानं बोललो नाही. घाबरलो की माझ्या तोंडून असंच काहीतरी निघतं. मग साहेबांना ठसका लागला, चुना टेबलावर सांडला, बाहेरचा शिपाई हसायला लागला. डोळे पुसत साहेब म्हणाले, "ऊस कुणी तोडला हे साखरेला कळत नाही. मुकादम घेत असेल तर माझी हरकत नाही. जा आता, मला काम करू द्या."

म्हणजे गाडा पुन्हा धोंडिबाशी येऊन अडला. तो टोळीची बोलणी करायला कारखान्यावर आला होता. गावात तो मला बाळ्या म्हणायचा, हापिसात भाऊसाहेब. मी त्याला जेवायला घरी नेलं, आणि मार्थाबाईही येऊन बसल्या. सुमननं वाढता वाढता विषय काढला.

"मुकादम, देश बाई चालवती. कोयता चालवला तर काय बिघडंल?"

"वहिनी, देश येगळा, ऊस येगळा. देशाला मोळी बांधावी लागत न्हाई."

"मोळी तर बायाच बांधत्यात की आत्ताबी."

"आन् तोडायचं? कोयता बाईच्या हाती शोभत न्हाई."

"तुमच्या घरी सरपण कोन तोडतं?"

धोंडिबानं वांग्याची फोड तोंडात ढकलली. मग खरं काय ते बोलला. माणूस वाईट नव्हता. "ऊस तोडतील त्या. अनुसया हाडाची कष्टाळू हाय, मला ठावं न्हाई का? पण उसाच्या फडावर दर कोयत्याला एक कोपी असती. पाचटाचं खोपट, दार न्हाई, कडी न्हाई. दोन बाया रातच्याला तिथं, संगं गडी न्हाई. काय इपरीत झालं तर गावात मी तोंड दाखवू का? तुमच्या सासऱ्याला काय सांगू?"

प्रश्न खराच होता. मी मार्थाबाईंकडं पाहिलं, त्या सुमनकडं पाहत होत्या.

"तुमची कोपी टोळीच्या मधी असती न्हवं?" सुमन म्हणाली. "तिला लागून ह्यांची टाका. तुमच्या मंडळी हायेत शेजारी. आन् टोळीचं बस्तान बसंस्तवर मी सोताच राहीन तिथं. भाऊसाहेबांची बायको फडात हाय म्हटल्यावर कोन वाकडं बघतंय बघू."

धोंडिबानं माझ्याकडं पाहिलं. हे मला कुणी विचारलं नव्हतं. पण घास घशात असल्यामुळं माझी मान आपोआप हलली, आणि तोच होकार धरला गेला. घराण्यात पुढं ही माझी उदारता म्हणून सांगतात.

वडिलांना समजावायला मी गावाकडं गेलो नाही, धोंडिबालाच पुढं केला. वडील त्याला म्हणाले, "टोळीतनं पोर सुखरूप आणशील?" तो म्हणाला, "आणीन." एवढंच बोलणं झालं, दिल्या घराचं वाक्य या वेळी निघालं नाही. मग अक्का आणि सरू बैलगाडीत बसल्या.

पहिले दिवस वाईट गेले, हे मला सुमननं नंतर सांगितलं. उसाच्या पात्यांनी अक्काचे हात कोपरापर्यंत कापले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या कोयत्याच्या निम्मासुद्धा ऊस होईना. दुसऱ्या टोळीतले गडी येताजाता म्हणायचे, "बिनबैलाची गाडी आली रं!" अक्का मान वर न करता म्हणायची, "गाडी चालतीय का बघ. बैल कशाला शोधतो, तुला जुंपायचंय का सोताला?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिडवणाऱ्यांना नवीन काही सुचेना. मग धोंडिबाच्या बायकोनं अक्काला बुडख्याशी कोयता कसा तिरका मारायचा ते दाखवलं. म्हणजे तिलाही तोडता येत होतं. इतकी वर्षं ती नवऱ्याच्या नावावर तोडत आली होती, कुणाला पत्ता नव्हता.

इकडं मी माझी भाकरी करून खात होतो. ती भाकरी मार्थाबाईंच्या कुत्र्यानं हुंगून सोडून दिली, तेव्हा मला बायकांच्या दशेची थोडी कल्पना आली.

संक्रांत होऊन गेली आणि अक्काचा नवरा फडावर हजर झाला. मी त्या दिवशी तिथं होतो, उसाच्या पाहणीसाठी. त्याच्या डोक्याला नवा पटका, हातात काठी. टोळी काम थांबवून बघायला लागली. तो म्हणाला, "चल. लई झाला तमाशा." मी पाहणीच्या वहीत डोकं घातलं. धोंडिबा पुढं झाला, पण अक्कानंच त्याला हातानं थांबवलं. तिनं हातातला ऊस तोडून बाजूला टाकला, कपाळाचा घाम पुसला.

"कोयता माझा हाय," ती म्हणाली. "तुला यायचं आसंल तर मोळ्या वाहायला ये. सरूचं डोकं दुखतंय आज."

आधी सरू हसली. मग धोंडिबाची बायको, मग सगळा फड. माणसाला शिव्या परत देता येतात, हसण्याला काय देणार? नवरा बांधावरनं निघून गेला, तो पुन्हा आला नाही.

हंगाम संपला तेव्हा धोंडिबा दिल्या शब्दाप्रमाणं तिला गावी न्यायला आला. अक्कानं गावी निघालेल्या सरूबरोबर वडिलांना निरोप दिला: सुखरूप हाय, पण येत न्हाई. मार्थाबाईंनी एका मुलींच्या वसतिगृहात भाकरी करण्याचं काम बघून दिलं आणि आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं अक्कानं खोली घेतली. पुढल्या साली तो बहात्तरचा मोठा दुष्काळ पडला. तेव्हा गावाकडनं आई-वडील आले ते माझ्याकडं नाही, अक्काकडं उतरले. माझ्या खोलीत जागा नव्हती, हे कारण सगळ्यांनी मिळून शोधलं.

आता काळ बदलला. गावच्या पंचायतीत तिसरा हिस्सा जागा बायकांना राखीव आहेत, जमिनीत मुलीचा वाटा कायद्यानं मानलाय. सुमन आणि म्हाताऱ्या मार्थाबाई अजून ओट्यावर बसून, कुठला कायदा कुठं अडकलाय याची उलटतपासणी घेतात. मी गावी जातो तेव्हा लोक "घरी कधी आलास?" विचारतात, आणि परत निघताना मीच म्हणतो, "चला, घरी जायला हवं." घर म्हणजे नक्की कुठलं, हे मला बरीच वर्षं ठरवता येत नव्हतं. मग अक्काच्या खोलीचा पहिला दिवस आठवतो. तिनं दारात पाट टाकून आम्हाला बसवलं, गुळाचा चहा दिला. तिच्या स्वतःच्या चुलीवरचा तो पहिला चहा, गूळ जास्तच पडला होता. उठताना तिनं आम्हाला निरोप दिला आणि दाराला आतनं कडी लावली. तो कडीचा आवाज मी रस्त्यावर थांबून ऐकला.

परत येताना मला भावाच्या मोठेपणाची फार भरती आली. म्हणालो, "चला, अक्काला आपला आधार झाला."

सुमन म्हणाली, "आपला कुठला? मला तिचा झाला. उद्या तुमी मला टाकलं तर सासर न्हाई, माहेर न्हाई, सरळ जायला एक घर झालं. जरा जपून वागत जा आता."