कुंकू वाहिलेल्या पेशी

पेशीबाय पेशींशी मालवणीत बोलत आणि साहेबांशी प्रमाण मराठीत. त्यांचा जीव कुणावर आहे ते त्यावरूनच आम्हांला कळे.

कसालजवळच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. घर देवबागचं, ख्रिस्ती. नाव पोरांनी पाडलेलं. मी त्यांचा प्रयोगशाळेतला सहायक. कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या मेंदूतल्या पेशी त्या एका काचेच्या वाटीत वाढवत. वाटीच्या तळाला धातूचे बारीक ठिपके. पेशीने विजेचा इवलासा इशारा दिला की ठिपका तो पकडी आणि पडद्यावरची रेषा टुणकन उडे. वाटी ठेवायची पेटी अंगाइतकी उबदार. तिचं दार माझ्याकडून जरा आपटलं की बाय ओरडत, "हळू रे! जीव आसा त्येंका."

पेशी तीन आठवड्यांच्या झाल्या आणि नेमकं तेव्हाच संस्थेच्या अध्यक्षांनी पेशींचे इशारे टिपणाऱ्या या यंत्राचं उद्घाटन ठरवलं. यंत्र वर्षभर चालूच होतं. पण उद्घाटन न झाल्यामुळे संस्थेच्या लेखी ते बंद होतं. वाटी पडद्यासकट सभागृहात आणायचा हुकूम सुटला.

"साहेब, बाहेर काढल्या तर त्या मरतील," बाय म्हणाल्या.

"मग पाहुण्यांनी काय पेटीपुढे रांग लावायची?"

नारळ फुटला. फोटोसाठी कुणीतरी वाटीचं झाकण काढलं आणि अध्यक्षांनी भक्तिभावाने आत हळद-कुंकू वाहिलं. थोड्याच वेळात पडद्यावरच्या रेषा आडव्या झाल्या. पाहुण्यांना उकडतंय म्हणून टेबलाला खेटून उभा पंखा लावला, तशा सगळ्या रेषा एका लयीत नाचू लागल्या.

"बघा! मेंदू पाहुण्यांचं स्वागत करतोय!" अध्यक्ष गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाय उठल्या आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं. रेषा पुन्हा आडव्या.

"साहेब, ती पंख्याची वीज होती. पेशी मेल्या."

संस्थेच्या बदनामीबद्दल नोटीस आली. खुलाशात बायनी एकच ओळ लिहिली : 'कुंकू वाहण्यापूर्वी त्या जिवंत होत्या.' त्यांची नेमणूक भांडारात, खडू-डस्टर वाटायला झाली. महिनाभर त्यांनी तेही चोख केलं, मग राजीनामा दिला आणि गोव्याला बहिणीकडे जायचं ठरवलं.

जाण्याच्या दिवशी सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या, नव्या पेशींची वाटी भरली आणि माझ्या हातात दिली. "दर दोन दिवसांनी त्येंका खावक घाल. विसरू नको हां."

पंधरा दिवसांनी पहिली रेषा उडाली. मी बायना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलला डोळे चिकटवून त्या रेषेची प्रत्येक उडी बोटांवर मोजू लागल्या.

"अध्यक्षांना कळवू?" मी विचारलं.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या, "जगूक दे त्येंका."