हेर रावांचं जर्मन

पुण्यात देवदत्त खांबेटे मंडईत गेला की मेथीची जुडी हातात देता देता भाजीवाली त्याला दटावायची, "भाऊसाहेब, धाकट्या सूनबाईंना इतकं टाकून बोलू नका हो!" चार वर्षं तो एका मालिकेत थोरल्या दिराचं काम करत होता. त्याआधी वीसेक वर्षं नाटकं. आधी एकांकिका स्पर्धा, मग प्रायोगिक, मग पोटासाठी व्यावसायिक, नाटकाच्या बसमध्ये सेटच्या फळ्यांना टेकून झोपत केलेले सांगली-कोल्हापूरचे दौरे. मोठा नट तो कधीच नव्हता. पण त्याला वाक्य नसतानाही लोक त्याच्याकडे बघायचे, एवढी कमाई मात्र होती. पुढे मालिकेच्या लेखकांनी भाऊसाहेबांना अपघात घडवून कोमात घातलं आणि तिथेच विसरून गेले. त्याच सुमारास त्याच्या बायकोला, ज्ञानदाला, जर्मनीतल्या येना शहरात भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली.

"दोन वर्षं बघू," ती म्हणाली. "नाही जमलं तर परत."

जमलं. म्हणजे ज्ञानदाचं जमलं. मुलीचं, शमिकाचं, तर इतकं जमलं की वर्षभरात ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर द्यायला लागली. देवदत्तच्या वाट्याला भाषेचा क्लास, शाळेचा डबा आणि धुणं आलं. क्लासमध्ये 'तुमचा व्यवसाय?' या प्रश्नाला तो 'शाउश्पीलर', म्हणजे नट, असं म्हणायचा. बाई हसून म्हणायच्या, "शोऽऽन!" छान, आणि पुढच्याकडे वळायच्या. ज्याचा आवाज हेच हत्यार, त्याच्या तोंडून तीन वर्षांच्या पोराइतकी वाक्यं निघायची. हळूहळू त्याने तोंड उघडणंच कमी केलं.

काम मिळालं ते अगदी अचानक. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी खोटे पेशंट लागतात आणि ते काम नट करतात, असं क्लासमधल्या कुणीतरी सांगितलं. मेडिकल कॉलेजातल्या फ्राऊ लिंडनर नावाच्या बाईंना जर्मन न येणारा एक पेशंट हवाच होता. हेर राव, म्हणजे श्रीयुत राव, वय बावन्न, हॉटेलात स्वयंपाकी, घरचे सगळे भारतात, पोटात गाठ. त्यांना ही बातमी सोप्या शब्दांत कशी सांगायची, हे मुलांनी शिकायचं.

देवदत्तने हेर राव मन लावून उभे केले. ते खुर्चीच्या कडेवर बसत. टोपी गुडघ्यावर ठेवत. डॉक्टरच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत. 'गाठ' हा शब्द ते दोनदा चुकीचा उच्चारत, आणि मग कळल्यावर काहीच बोलत नसत. त्या न बोलण्यात खोली अशी गप्प व्हायची की देवदत्तच्या अंगावर काटा यायचा. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. किती वर्षांनी भेटली होती!

पण हे सांगणार कुणाला? बाहेरच्यांना आत प्रवेश नव्हता. पहिल्या दिवशी घरी येऊन तो बोलायला लागला, तेव्हा ज्ञानदा लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली, "बरं झालं रे, निदान घराबाहेर तरी पडतोस." तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. म्हणूनच त्याला पुढे काही बोलवेना.

तीन वर्षं हेर राव चालले. दरम्यान, मुलांचं ऐकून ऐकून देवदत्तचं जर्मन चांगलंच सुधारलं. हेर रावांचं मात्र होतं तिथेच ठेवावं लागे.

एका दुपारी तो ट्रामच्या थांब्यावर उभा असताना योहाना नावाची विद्यार्थिनी जवळ आली. आदल्याच आठवड्यात तिने हेर रावांना बातमी सांगितली होती आणि सांगताना तिचेच डोळे भरून आले होते.

"हेर राव! म्हणजे, माफ करा, खरं नाव माहीत नाही. तुम्ही... इथे... एकटे राहता?" तिने एकेक शब्द सुटा करून, सावकाश विचारलं.

त्याला चांगल्या जर्मनमध्ये सहज सांगता आलं असतं. पण ती थांबली होती. त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होती. या गावात असं कोण थांबत होतं?

"एकटा... नाही," तो अडखळत म्हणाला. "पण... दिवस... लांब."

त्यानंतर थांब्यावर ती दिसली की गप्पा व्हायच्या. ती भारताबद्दल विचारायची, हातवारे करून बर्फ समजवायची, शब्द सापडेना झाला की धीर द्यायची. देवदत्तही ट्राम सोडून द्यायला लागला. आपण हे बरं करत नाही, हे त्याला कळत होतं.

एकदा बरोबर शमिका होती. तेरा वर्षांची, कानात हेडफोन. योहाना भेटली, आणि काय करावं हे कळायच्या आत देवदत्तच्या तोंडून हेर राव बोलायला लागले. शमिकाने एक हेडफोन काढला. ट्राममध्ये बसेपर्यंत तिने कळ काढली.

"बाबा, वारूम रेडस्ट डू झो?" असं का बोलतोस तू?

"ती... भूमिका आहे गं माझी."

"इथे? थांब्यावर?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "ती ऐकून घेते."

शमिकाने दुसराही हेडफोन काढला. मग म्हणाली, "झाग एस इअर." सांगून टाक तिला.

त्याने सांगितलं. पुढच्या भेटीत, नीट, व्याकरणासकट. आपण धंद्याने नट आहोत, ते अडखळणंही अभिनयच होता, बायको-मुलगी इथेच आहेत, तिचं सगळं बोलणं पहिल्यापासून समजत होतं. योहानाचा चेहरा लाल झाला. "आख झो," असं होय, ती म्हणाली. "तुमचं जर्मन छानच आहे की." तेवढ्यात ट्राम आली आणि ती पुढच्या डब्यात चढली. नंतर दिसली की मान हलवायची, जशी कुणालाही हलवावी. तिची चूक नव्हती. चांगलं जर्मन येणाऱ्या माणसासाठी इथे कुणी थांबत नाही.

देवदत्तने फ्राऊ लिंडनरना जाऊन सांगितलं, आता हेर राव दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. कपाटातून दुसरी भूमिका काढून दिली. अपघातात सापडलेल्या मुलाचा बाप. जर्मन उत्तम, वाक्यं भरपूर.

रविवारी ज्ञानदा म्युनिकच्या प्रदर्शनाला गेली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर देवदत्त पाठांतर करत होता. शमिका कॉर्नफ्लेक्स खायला आली आणि ऐकत उभी राहिली. "'देम' म्हणायचं बाबा, 'देन' नाही," ती म्हणाली, चक्क मराठीत. मग स्वतःच कागद ओढून डॉक्टरची वाक्यं वाचायला लागली, तोंडात घास, आवाज सपाट. तुमच्या मुलाला आम्ही वाचवू शकलो नाही, हे तिने बसचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं.

देवदत्त गप्प राहिला. बाप इथे लगेच बोलणार नव्हता. तो आधी टेबलाच्या कडेवरून हात फिरवणार होता, मग बोटं थांबणार होती.

शमिकाने वर बघितलं. बाबा पुढचं वाक्य विसरला, असं तिला वाटलं. तिने ते हळूच, पहिल्या दोन शब्दांनी सुचवलं.

त्याने मान डोलावली आणि ते वाक्य तिच्याकडून घेतलं.