सावडीचं पुस्तक

माझ्याकडे अकाउंटचं अर्धं पुस्तक आहे. मधल्या एका धड्यापर्यंत येतं आणि वाक्याच्या अर्ध्यातच तुटतं. आई दर दिवाळीला ते रद्दीत काढते आणि मी दर दिवाळीला परत फळीवर ठेवते. ती म्हणते, सोड की आता. नाही सोडत. माझा राग माझ्याजवळ राहू द्या.

उरलेलं अर्धं होतं आमच्यापासून दोन घरं पलीकडे, पोशीरमध्येच, माझ्या मैत्रिणीकडे. बालवाडीपासून बारावीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. बी.कॉम.ला कर्जतच्या कॉलेजात नाव घातलं तेही एकाच दिवशी. वडिलांनी मला तेव्हाच बजावलं होतं, "एक विषय जरी राह्यला, तरी कॉलेज बंद. आमच्या कंपनीत पॅकिंगला पोरी लागतात." वडील खालापूरच्या बाजूला कंपनीत होते. ते कधी आवाज चढवत नसत, पण बोलले की बदलतही नसत.

कॉलेज सुरू झालं ते ऐन लावणीत. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुमची माणसं आमच्या शेतात, उद्या आमची तुमच्या. मजुरी द्यायची नाही, पण माणसाच्या बदली माणूस द्यायचाच. तिच्या शेतात हात कमी पडत होते, म्हणून मीच तिला म्हटलं, "तू जा गं कॉलेजला, तुझ्या जागेला मी उभी राहते. काय काय झालं ते मला येऊन सांग." पहिला आठवडाभर मी तिच्या आईच्या शेजारी वाकून तिच्या वाट्याचा भात लावला.

ती रोज संध्याकाळी येऊन सांगायची. कुठले सर कसे, कुठल्या खोलीत पंखा नाही, सगळं. पुस्तकाचंही तिनेच सांगितलं.

"अकाउंटचं नवंच पुस्तक पायजे. मागं आत पट्टी हाय. ती खरवडली की नंबर निघतो. तो मोबाईलवर टाकायचा, मंग चाचण्या येतात. त्यांचे मार्क कॉलेज धरतं."

"म्हंजे दोघींना दोन घ्यावी लागणार?"

"कशाला? आपण सावडीत घेऊ की."

मला ती कल्पना इतकी आवडली की मी आईलाही कौतुकाने सांगितली. शेत सावडीत होतं, मग पुस्तक का नाही? हे डोकं आमच्याच गावात चालायचं.

कर्जतच्या दुकानदाराने पुष्कळ वाटा दाखवल्या. नवं घ्या. जुनं घ्या, पण त्याची पट्टी आधीच्याने खरवडलेली असणार, ते नुसतं वाचायला. झेरॉक्स शेजारी होते, पण मी सांगितलं म्हणून सांगू नका. नाहीतर फक्त मोबाईलवरचं घ्या, ते वर्षभराने आपोआप बंद होतं. आम्ही नवं एक मागितलं. "दोघींत एकच?" त्याने विचारलं, आणि तिच्याकडे बघितलं. "एकच द्या," ती म्हणाली आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसली.

झेरॉक्सवाल्याने कागद कापायच्या मोठ्या पात्याखाली पुस्तकाचे दोन भाग करून दिले. "पुढचं तू घे गं," ती म्हणाली, "तुझे पयले तास बुडालेत ना." केवढी काळजी माझी! मला भरून आलं होतं. पट्टी मागच्या भागात होती, हे माझ्या मनातही आलं नाही.

फोन तिचाच होता, कारण आमचा वडिलांबरोबर कामावर जायचा. नंबर टाकून झाल्यावर ती म्हणाली, "दोघींची नावं टाकलीत." मी मान हलवली. वर्षभर प्रत्येक चाचणीला आम्ही तिच्या ओटीवर बसलो. ताळेबंद मला लवकर जमायचे. मी वहीवर आकडेमोड करून उत्तर सांगायची आणि ती बोटाने दाबायची. पडद्यावर हिरवी खूण आली की दोघी टाळी द्यायचो. तिची आई चहा आणून ठेवायची.

मग परीक्षेआधी अंतर्गत गुणांची यादी फळ्यावर लागली. तिच्या नावापुढे वर्गात सगळ्यात जास्त. माझ्या नावापुढे, गैरहजर. मी तीनदा बोट फिरवून बघितलं. मग सरांकडे गेले.

"एका नंबरवर एकच विद्यार्थी," सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"मी नव्हते सर. लावणी होती."

"पण तुझी मैत्रीण होती ना? तिनेच तर उठून विचारलं, दोघींत एक पुस्तक चालेल का म्हणून. मी स्पष्ट नाही म्हटलं होतं."

त्या क्षणी मी कुठे होते ते मला बरोबर आठवलं. तिच्या शेतात, तिच्या जागेवर, गुडघाभर चिखलात.

ती मला जिन्यात भेटली. रडली. "मला वाटलं, सर नंतर तुझे पन लावतील," म्हणाली. अख्ख्या पुस्तकाला घरून पैसे दिले नसते, हेही म्हणाली. खरं असेल. पण मग तिने मला सांगायला हवं होतं. मी वडिलांच्या पाया पडून दुसरं आणलं असतं, नाहीतर निदान चाचण्या तिच्या नावाच्या आहेत हे माहीत असून सोडवल्या असत्या. फसवलं याचं मला तितकं वाटत नाही, जितकं प्रत्येक टाळीचं वाटतं.

अकाउंट राहिला. वडील ओरडले नाहीत. सोमवारपासून मला बरोबर कंपनीत न्यायला लागले.

पुन्हा लावणी आली. तिच्या घरच्यांनी आमच्या शेतात दोन दिवस हात लावला होता, म्हणून रजेच्या दिवशी आईने मला त्यांच्या शेतात पाठवलं. सावड चुकवायची नसते. मैत्रीण नव्हती, तिचं दुसरं वर्ष सुरू झालं होतं. तिची आई माझ्या शेजारी वाकली होती, मागच्या वर्षीसारखीच. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"पोरीनं नाव काढलं बघ," ती म्हणाली. "अकाउंटला वर्गात पयली. तुमी दोघी बसायच्यात ना ओटीवर, त्याचं फळ हाय." मग कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "यंदा पन पुस्तक सावडीतच घ्या गं."

मी रोपांची पुढची जुडी सोडवून घेतली.

"मला यंदा पुस्तक लागत नाय, काकू," म्हटलं, आणि तिच्या मुलीची ओळ पुरी केली.