कोंबड्याच्या मानेची माशी

रोज सकाळी तोंड धुण्याआधी बारकूकाका ओटीवरच्या दिव्याखाली उकिडवे बसत आणि रात्रीत मरून पडलेले किडे वेचून तळहातावर घेत. शेजारी पुस्तक उघडं ठेवून एकेक किडा ते चित्राशी ताडून पाहत. एखादा जुळला, की दिवसभर शीळ घालत हिंडत.

पुस्तक इंग्रजी होतं. वैशाखरे गावाच्या पुढे बंद पडलेल्या एका हॉटेलात काका राखणीला होते. तिथल्या रद्दीतून त्यांनी ते उचललं. थंड देशांत लोक गळाला गांडूळ लावत नाहीत, पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात, ती पाण्यावर अलगद टेकवतात आणि मासा फसतो, एवढंच त्यात पानोपान सांगितलेलं. शेजारची आणि इंग्रजी शिकलेली म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माशीच्या एका पंखावर इतकं जीव लावून लिहिलेलं मी तोवर वाचलं नव्हतं. काका डोळे मिटून ऐकत, कीर्तनाला बसल्यासारखे.

उत्तम माशी कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांची होते, असं एकदा मी वाचलं. काकांनी डोळे उघडले आणि अंगणात पाहिलं.

अंगणातला तांबडा कोंबडा काकांच्या बायकोने, भागीकाकूंनी, वाघोबा देवाला बोललेला होता. त्यांच्या मुलाला, अमोलला, मुरबाडच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याचा नवस. तो दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीला फेडायचा होता. देवाचा कोंबडा अंगाने धड लागतो आणि तांबडाच लागतो. काकांना हे ठाऊक होतं. पण दिवसाला एखादंच पीस, त्याने काय होतंय, असं त्यांना वाटे. माशी बांधताना पीस तुटे. मग आणखी एक. कापणीचे दिवस होते. काकू उजाडायच्या आत शेतावर जात, परतत तोवर कोंबडा टोपलीखाली गेलेला असे.

वाघबारशीच्या दुपारी काकूंनी टोपली उचलली. कोंबडा मान ताठ करून बाहेर आला, आणि ती मान न्हाव्याकडून नुकती आल्यासारखी गुळगुळीत होती. अख्खा पाडा हसून लोळला. काकू हसल्या नाहीत. पोराच्या नोकरीचा नवस चुकला तर, या भीतीने त्यांचा चेहरा उतरला. दिवेलागणीच्या आत धड कोंबडा आणा, नायतर घरात पाय टाकू नका, असं त्या म्हणाल्या.

तसा तांबडा कोंबडा पाड्यात फक्त बाईजाआजीकडे होता. काकांच्या माशीच्या बढाया ऐकून तिचे कान किटले होते. तिने पैज लावली.

"बारक्या, तुझ्या पिसाला मासा लागला तर कोंबडा तुझा, मासा माझा. गांडूळ लावलंस तर मी हाय आन् तू हायस."

सगळा पाडा नदीवर लोटला. काकांनी बांबूच्या काठीला तंगुसाचा बारीक दोरा बांधला आणि पहिल्याच फेकीत माशी उंबरात अडकली. दुसऱ्या फेकीत काठावर बघत उभ्या कमळाकरची टोपी उडून पाण्यात गेली. कमळाकरने विचारलं, पुस्तकात टोप्या धरायचा पण धडा हाय का रे? पोरं झाडावर चढून बसली, म्हाताऱ्या हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. काकू तेवढ्या सूर्याकडे बघत होत्या.

ऊन कलंडलं, पाण्यावर किडे भिरभिरू लागले. काकांनी ते किडे नीट निरखले. त्यांनी मनगट हलवलं आणि माशी आपल्या मनाने येऊन बसावी तशी पाण्यावर बसली.

पाणी फुटलं. काठी वाकली. काका नाचायला लागले, तंगूस पायात गुंतला, ते बदकन पाण्यात बसले, पण हातभर मासा छातीशी कवटाळलेला. आता काकूही पदर तोंडावर धरून हसल्या. नवा कोंबडा हाती येताच त्यांनी त्याच्या मानेवरून उलटा हात फिरवून पाहिला आणि वाघोबाकडे निघाल्या.

बाईजाआजीने माशाच्या तोंडात बोट घालून गांडूळ शोधलं. मिळालं नाही. मग मासा पदरात घेऊन ती घराकडे वळली. काका ओल्या पँटने, थंडीने कुडकुडत तिच्या मागे निघाले.

"आजी, शेपटीकडचा तुकडा मला ठेव गो. काटे असले तरी चालंल."