चौदातला 'द'

दैनिकात वर्षं काढली की बातम्या रद्दीत जातात आणि किस्से आपल्याकडे साचतात. रद्दीवाला ते घेत नाही!

मी संपादक असताना धुळ्याच्या आमच्या दैनिकात अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक नाना भाषेवर सदर लिहीत. विषय एकच: इतर अक्षरं झिजून 'र' कशी होतात. लॅटिनमध्ये दोन स्वरांत सापडलेल्या 'स'चा 'र' झाला, हे छापून आलं आणि दोंडाईच्याहून एका कापूस व्यापाऱ्याचा फोन.

"तेव्हा तिथलं सरकार काय करत होतं?"

मी म्हटलं, "भाऊ, सरकारही लॅटिनच बोलत होतं."

*

मालक शेठना सदर खुपायचं. "'र'ला जाहिरात मिळते का?"

मी भडकलो. "अग्रलेखाला तरी कुठे मिळते?"

"त्याचाही विचार चालू आहे."

*

मग नाना मराठी आकड्यांवर आले. संस्कृत 'दश'मधला 'द' अकरा, बारा, तेरामध्ये 'र' झाला. लेख तेरापर्यंत आला आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली. खालचं चौदा कापलं!

दुसऱ्या दिवशी नाना पहिल्या एसटीनं हजर. "अख्खं अमळनेर विचारतंय, चौदातला 'द' कसा वाचला?"

शेठ म्हणाले, "पुढारी खूश आहेत."

*

नाना तडक छापखान्यात गेले. तिथे हातानं खिळे जुळवणारे सहा कंपोझिटर. नानांनी उरलेला लेख त्यांनाच ऐकवला. "एकटा 'द' सापडला, की झिजला. चौदाच्या जुन्या प्राकृत रूपात, 'चउद्दह'मध्ये, दोन 'द' एकमेकांना चिकटून होते. म्हणून टिकले!"

हेड कंपोझिटर वामनभाऊ अहिराणीत म्हणाला, "हाई छापालेच जोयजे."

शेठनी सदरच बंद केलं.

*

पुढे कॉम्प्युटर आला. सगळ्या कंपोझिटरना एकदम काढलं तर बोंब होईल, म्हणून शेठनी ठरवलं, एकेकाला केबिनमध्ये घ्यायचं आणि राजीनाम्यावर सही करवायची. मी भांडलो. "तुम्ही बातम्या बघा!" म्हणाले.

माझ्यासमोरच शिपायाला हुकूम झाला, "वामनला पाठव. एकट्याला."

दार उघडलं. सहाही जण दंडात दंड अडकवून आत शिरले. चौकटीत अडकले, पण हात सोडले नाहीत.

"मी एकालाच बोलावलंय!"

वामनभाऊ शांतपणे म्हणाला, "शेठ, आम्ही बठ्ठा, सहाना सहा, चौदाना 'द' शेतस."

शेठ माझ्याकडे वळले. "ही काय भानगड?"

मी म्हटलं, "जागेअभावी राहिलेला मजकूर."