गोळीवाल्यांची पंगत

दगडूतात्या पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले तेव्हा त्यांच्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. चकलांब्याच्या शाळेत बदली होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. "गुरुजी, जेवायचं राहिलंय का?" त्यांनी दारातूनच विचारलं. मी नुकताच हात धुतला होता, तसं सांगितलं. तात्या "बरं" म्हणाले आणि गाठोडं घेऊन शेजारच्या दारात गेले. ओळख ना देख, पण आपण आधी जेवून घेतलं याचं मला उगाच वाईट वाटत राहिलं.

तात्यांना एकट्यानं जेवता येत नसे. उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दुपारी माळावर सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच फडक्यावर पडायच्या आणि कुणाची भाकरी कुणाच्या पोटात जाईल याचा नेम नसायचा. पुढे बायको गेली, मेंढरं विकली, मुलगा बाळू पुण्यात कंपनीत लागला, पण सवय काही सुटली नाही. "एकल्याला घास खाली उतरत न्हाई," असं ते सांगायचे. स्वतः भाकऱ्या थापायचे, त्याही उत्तम, आणि मग सोबत शोधत गल्लीभर हिंडायचे. बाळूनं एकदा त्यांना पुण्याला नेलं, तर तिथं घरात प्रत्येकाची जेवायची वेळ निराळी. तात्या ताट घेऊन लिफ्टनं खाली उतरले आणि वॉचमनबरोबर जेवू लागले. वॉचमन परळीकडचा निघाला, त्यामुळे दोघांचं मस्त जमलं. सुनेची मात्र पंचाईत झाली.

मग तात्यांना साखर निघाली. गेवराईच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि गोळीनंतर लगेच जेवायला बजावलं. गोळी तात्या वेळेवर घेत, तिला सोबत लागत नाही. जेवायला मात्र कुणी भेटेपर्यंत थांबत. सुगीत सगळा गाव रानात असतो. अशाच एका दुपारी ते देवळाच्या पायरीवर कोसळले. मी आणि शेजारच्या शांताकाकूंनी साखरपाणी पाजल्यावर ते जरा सावरले. दुसऱ्या दिवशी बाळू गाडी घेऊन हजर. वेळेवर का जेवला नाहीत, म्हणून तो बापावर करवादला.

"गोळी खाल्ली व्हती की," तात्या म्हणाले. "सोबत हुडकाया गेलतो."

आता तुम्हाला गावात ठेवणार नाही, असं बाळूनं सांगून टाकलं. त्याचंही काही चुकत नव्हतं. पण पुण्यात तात्या वर्षभरही तग धरणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात तात्यांनी शांताकाकूंकडे मोर्चा वळवला.

"वैनी, गोळी तुमाला बी हाय. मंग तुमी तीन वाजता जेवता कावून?"

घरातले सगळे जेवल्यावरच आपण बसतो, काकू म्हणाल्या. यात विचारण्यासारखं काय, असाच त्यांचा सूर होता.

"म्हंजी तुमी बी पडनार. उद्यापून बाराला देवळात या. मला सोबत हुईल आन् तुमी जगताल."

बाळूनं आठ दिवसांची मुदत दिली. पहिल्या दिवशी काकू आल्याच नाहीत. नवऱ्याच्या आधी बाईनं चारचौघांत जेवायचं, हे घरात कुणाला पटेना. शाळेच्या मधल्या सुट्टीत मीच तात्यांसमोर बसलो. दुसऱ्या दिवशी मात्र काकू पदर सावरत आल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे यजमान. आता भांडण होणार म्हणून मी उठलो, तर गृहस्थांच्या हातात स्वतःची भाकरी! त्यांनाही साखर होती, कुणाला सांगितली नव्हती इतकंच. हळूहळू गावात गोळीवाले किती आहेत ते कळलं. ज्यांच्या शेताला शेत लागून भांडणं होती, तेही बाराला एका फडक्याभोवती बसू लागले. ज्वारीची भाकरी, मेथी, कारळाची चटणी, वर ताक. चहात बिस्कीट बुडवून दुपार काढणाऱ्याला तात्या खुशाल हिणवत. मुदत संपली तेव्हा बाळू एकटाच पुण्याला परतला. पुढे कित्येक वर्षं तात्या ठणठणीत राहिले.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. त्यांची मुलगी सुरतेला दिलेली, ती यायची होती, म्हणून अंत्यविधी संध्याकाळवर गेला. प्रेत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही. पंगतीतली सगळी माणसं अंगणात बसून होती. बारा वाजून गेले. शांताकाकूंच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. बाळूचं लक्ष गेलं. सकाळी गोळी घेतली का, असं त्यानं विचारलं. काकूंनी होकारार्थी मान हलवली.

बाळू उठला. पलीकडच्या गल्लीतून भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आला आणि सगळ्या गोळीवाल्यांना त्यानं देवळात नेऊन बसवलं. कुणी हात लावेना. लेकाच्या पोटात अन्न नाही, तिथं आपण कसं जेवायचं? मग तो स्वतःच मांडी घालून बसला. बाप घरात निजलेला आणि लेक जेवायला बसलेला, असं गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, तात्यांनी तुमाला रोज येळंवर जेवाया लावलं," तो म्हणाला. "आज त्यांच्यापायी तुमी पडलात, तर म्या त्यांना उचलू कसा?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. रडत रडतच चावला आणि गिळला. मग काकूंनी घास घेतला, त्यांच्यामागून सगळ्यांनीच.

संध्याकाळी तात्यांबरोबर वेशीपर्यंत सगळे आपापल्या पायांनी चालत गेले, शांताकाकूसुद्धा.